सांगलीच्या विश्रामबागेतलं प्रवेशाचे फॉर्म भरून देणारं दुकान : पैसे वसूल, पण पंखा लावा

लेकीला पुण्याच्या सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजात जायचं होतं. 1854 चं कॉलेज, 2022 पासून राज्याचं स्वतंत्र विद्यापीठ. सरकारी असल्यानं तिथं रस्सीखेच फार. सीईटी प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल चांगले होते. घोळ वेगळाच. तिची बारावी सांगलीत झाली, दहावी मात्र बेळगावला मामाकडे.

शेजारच्यांनी सांगितलं, बाहेरच्या राज्यातली धरतील. दुकानातल्या पोरानं गुणपत्रिका बघितली आणि म्हणाला, "काकू, दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात असली की टाइप ए. हिची एक बाहेरची, म्हणून टाइप बी. तिचं नाहीतर तुम्हा आईवडलांपैकी एकाचं डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखला, जोडा, महाराष्ट्राचीच धरतील." ह्यांचं डोमिसाइल काढलेलं होतंच, काम झालं. ह्या एका वाक्यासाठी मी पाच स्टार देते.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरतानाही त्यानं घाई केली नाही. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेरीत बदलता येत नाही, हे लेकीला दोनदा समजावलं. मी इथलं वालचंद कॉलेज यादीत वर टाकायला सांगत होते, घराजवळ म्हणून. तो म्हणाला, "काकू, शिकायचंय तिला." बोलला जरा आगाऊ, पण बरोबर बोलला.

आता तक्रार. स्कॅनिंगचे पैसे पानागणिक वेगळे लावतात, ते आधी सांगत नाहीत. बसायला एकच बाकडं, त्यावरही झेरॉक्सचे गठ्ठे. शेवटच्या तारखेला जाऊ नका, सर्व्हर रडतो आणि रांग रस्त्यावर येते.

धाकट्याच्या वेळी इथंच येणार.