एकरकमी पोटगी की महिन्याची? संमतीच्या अटींवर सही करण्याआधी

संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं तरी बहुतेक वेळा घोडं एकाच जागी अडतं: पोटगी एकदाच घ्यायची की दर महिन्याला? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये दोन्हींना जागा आहे, त्यामुळे निवड तुमच्यावरच येते. पुढचा विचार हाच कायदा धरून आणि मुख्यतः पोटगी घेणाऱ्या बाईच्या बाजूने केला आहे.

महिन्याची पोटगी काही वेळा खरोखर योग्य असते. समोरच्याकडे साठलेला पैसा नसेल आणि पगार मात्र पक्का असेल, तर एकरकमीचा आग्रह धरून हाती फारसं लागत नाही. पगारदार माणसावर हुकूमनाम्याची (कोर्टाच्या अंतिम निकालाची) दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावली की पगार जप्त होऊ शकतो, आणि पोटगीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० पगाराचा एक तृतीयांशच भाग जप्तीबाहेर ठेवतं. आदेश कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली असेल तर कोर्ट थेट नोकरी देणाऱ्याला पगारातून रक्कम वळती करायला सांगू शकतं. परिस्थिती बदलली तर वाढही मागता येते. अर्थात तोच दरवाजा देणाऱ्यालाही उघडा असतो: नोकरी गेली, दुसरा संसार झाला, की तोही कमी करून मागायला येतो. आणि घेणारीने पुन्हा लग्न केलं तर महिन्याची रक्कम बंद होऊ शकते.

आकड्यांत पाहू. महिना २०,००० रुपये, वाढीची अट नाही: दहा वर्षांत २४ लाख. तीच रक्कम दरवर्षी ५ टक्के वाढीसह लिहून घेतली तर सुमारे ३० लाख. हा सहा लाखांचा फरक अटींमधल्या एका ओळीचा आहे, आणि नेमकी तीच ओळ घाईत राहून जाते. मग वाढीसाठी नवा अर्ज, नवे पुरावे, नव्या तारखा. महागाई ६ टक्क्यांची धरली तर बाराव्या वर्षी त्या २०,००० ची किंमत आजच्या जेमतेम १०,००० इतकी उरते.

कराचाही फरक आहे. महिन्याची पोटगी घेणारीचं उत्पन्न धरली जाते, तर एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची म्हणून करपात्र नाही. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या राजकन्या महेश्वरी देवी यांच्या प्रकरणात हा भेद केला. एकरकमी रक्कम ठेवीत टाकल्यावर येणाऱ्या व्याजावर मात्र कर लागतो. देणाऱ्याला दोन्हीकडे वजावट नाही.

इथपर्यंत पारडी फारशी वरखाली होत नाहीत. माझा कल ठरला तो वसुलीच्या कटकटीवर.

महिन्याची रक्कम थकली की आधी थकबाकीचा तक्ता करायचा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख. सोबत बँकेचा उतारा. मग वसुलीचा अर्ज, नोटीस, वॉरंट. वॉरंट परत येतं, त्यावर शेरा असतो ‘पत्त्यावर मिळून आला नाही’. पुन्हा पत्ता द्या, पुन्हा तारीख घ्या. पैसे येतात ते बहुधा अटकेची वेळ आल्यावर, तेही थोडेसे. बाकीसाठी पुढची तारीख. फौजदारी मार्गाच्या आदेशाला (जुनं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) वर्षाची मुदत आहे. आज येईल, उद्या येईल म्हणत दीड वर्ष थांबलात तर वॉरंटने मागच्या बारा महिन्यांचीच वसुली मागता येते. अर्ज एकदा दाखल असला की पुढची थकबाकी त्यातच जोडता येते, म्हणून दोन-तीन हप्ते चुकताच अर्ज टाकावा. विवाह कायद्याच्या हुकूमनाम्याला बारा वर्षांची मुदत मिळते, पण तिथेही दरखास्त चालवावी लागतेच. तुरुंगवास भोगला म्हणून देणं फिटत नाही, हे खरं. पण आत बसलेल्या माणसाकडून या महिन्याचं भाडं निघत नाही. ज्या माणसापासून सुटण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच्याशीच दर महिन्याच्या पाच तारखेला गाठ पडत राहते. हे कुठल्याच हिशोबात मांडता येत नाही.

म्हणून शक्य असेल तिथे एकरकमी बरी, असं मला वाटतं. मात्र तिथे चूक झाली तर दुरुस्तीला वाव फार थोडा, त्यामुळे काळजी सहीच्या आधी घ्यायची. समोरच्याचं उत्पन्न न बघता आकडा ठरवू नका. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) मध्ये पोटगीच्या दाव्यांत मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र बंधनकारक केलं. संमतीच्या प्रकरणात ते कोणी मागत नाही, तुम्ही मागा. तीन वर्षांची विवरणपत्रं, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, कर्जाचे हप्ते, एवढं तरी पाहाच.

पैसे कधी हातात पडणार, यावर सर्वात जास्त व्यवहार फिसकटतात. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यात सासरच्या छळाची ४९८अ ची (आता न्याय संहितेचं कलम ८५) तक्रार असेल तर ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तो म्हणतो आधी तक्रार काढ, ती म्हणते आधी पैसे दे. टप्पे पाडले की गाठ सुटते: उदाहरणार्थ ३० टक्के अर्ज दाखल होताना, ३० टक्के तक्रार रद्द करण्याच्या अर्जावर सही करताना, उरलेले ४० टक्के हुकूमनाम्याच्या दिवशी कोर्टासमोर डीडीने. पुढच्या तारखेचे चेक घेऊ नका. मधेच संमती फिरली तर मिळालेल्या हप्त्याचं काय, तेही लिहा.

रकमेऐवजी फ्लॅट मिळत असेल तर ‘फ्लॅट पत्नीला’ एवढं लिहून भागत नाही. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती लागते. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव असेल तर आपापसात काहीही ठरवा, बँक हप्ता तुमच्याकडेही मागू शकते. महाराष्ट्रात राहत्या घराच्या नवरा-बायकोतल्या बक्षीसपत्राला मुद्रांकात मोठी सवलत आहे, पण हुकूमनाम्यानंतर ते नातं उरत नाही. नोंदणी आधी उरकायची की नंतर, हे वकिलाला आणि कर सल्लागाराला त्याच बैठकीत विचारा.

मुलांची रक्कम मात्र या एकरकमीत मिसळू देऊ नका. मुलाच्या पोटगीचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, आईने ‘यापुढे काही मागणार नाही’ असं लिहून दिलं तरी तो संपत नाही. ती महिन्याचीच ठेवावी, वाढीच्या अटीसह, वेगळ्या कलमात. शाळेची फी त्याने थेट शाळेत भरायची, औषधपाण्याचा खर्च अर्धा-अर्धा, आणि बिल पाठवल्यापासून किती दिवसांत द्यायचा तो आकडाही घाला. देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर या रकमेचा बोजा चढवता येतो का, ते विचारा. जमीन असेल तर सातबाऱ्यावर तो दिसतो, आणि विकायला निघालेल्या माणसाला आधी मुलाची बाकी मिटवावी लागते.