इंटरनेट नसताना फोनमधले फोटो लॅपटॉपवर : लोकलसेंड वापरल्यानंतरचा अनुभव

चार-पाच जणांच्या वेगवेगळ्या फोनमधले फोटो एका लॅपटॉपवर जसेच्या तसे आणायचे असतील आणि जागेवर रेंज नसेल, तर एकाच वायफायवरच्या फोन-लॅपटॉपमध्ये फाइली पाठवणाऱ्या लोकलसेंड अ‍ॅपइतकं भरवशाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. गेला पावसाळा संपल्यापासून हे अ‍ॅप मी सतत वापरते आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते. घरी बसून एकाच फोनचे फोटो उतरवायचे असतील तर मात्र चांगली केबल पुरते. त्यासाठी नवीन काही शिकायची गरज नाही.

आमचं काम काय ते सांगते, म्हणजे माझा आग्रह कशासाठी आहे हे कळेल. आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी पुणे-साताऱ्याकडच्या गावांत जाऊन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड), सतीशिळा आणि शिलालेख यांच्या नोंदी करतो. वाई तालुक्यातल्या किकलीसारख्या गावात देवळाच्या आवारात वीरगळ ओळीने उभे दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी ते शेताच्या बांधावर किंवा पारावर पडलेले असतात, शेंदूर आणि तेलाची पुटं चढलेले. अशा दगडावरची झीज दिवसाच्या सपाट उजेडात दिसत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च अगदी तिरका, दगडाला चिकटवून धरला की सावल्या पडतात आणि रेषा वर येतात. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर असतो, बऱ्याचदा शेजारी पुजारीही. त्याच्या हातात घंटा आहे की आणखी काही, हे मूळ फोटो मोठा केल्यावर ओळखता येतं. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की हातापाशी नुसता डाग उरतो. शिलालेखाच्या बाबतीत तर एक काना किंवा वेलांटी गेली तरी वाचन बदलतं.

दुसरं नुकसान लवकर लक्षात येत नाही. फोटोच्या आत एक्झिफ नावाची माहिती साठवलेली असते: कधी काढला, कोणत्या फोनने, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते. 2023 मध्ये आलेल्या एचडी पर्यायानेही हा प्रश्न सुटत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल मूळ राहते, पण त्याला इंटरनेट लागतं आणि रात्री भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात शेकड्याने फोटो वर चढवून परत खाली उतरवणं हे काही खरं नाही. बांधावरचा वीरगळ पुढच्या वर्षी पुन्हा शोधायचा तर अक्षांश-रेखांशाला पर्याय नाही, कारण 'ओढ्यापलीकडचं आंब्याचं झाड' हे वर्णन लागू पडणारी झाडं त्या गावात ढीगभर असतात.

पूर्वी हे काम शेअरइट, झेंडर वगैरे अ‍ॅप्सवर चालायचं. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने ज्या 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती. नंतर बरेच जण गूगल फोटोजवर विसंबले, पण 1 जून 2021 पासून तिथली अमर्याद मोफत साठवण संपली आणि 15 जीबीची मर्यादा लागू झाली. आणि त्यालाही शेवटी रेंज लागतेच.

लोकलसेंड मोफत आहे, ओपन सोर्स आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि खातं उघडावं लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन या सगळ्यांवर चालतं. आमच्या गटात आयफोनवाले आहेत आणि एका दादांच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यामुळे अँड्रॉइडचं क्विक शेअर किंवा अ‍ॅपलचं एअरड्रॉप यांपैकी एकावर सगळ्यांची सोय होणं अवघड होतं. सगळी यंत्रं एकाच वायफायवर असली की ती एकमेकांना आपोआप दिसतात. फाइल थेट एका यंत्रातून दुसऱ्यात जाते, वाटेत कुठल्याही सर्व्हरवर थांबत नाही आणि जाताना एन्क्रिप्ट केलेली असते. सुरुवातीला अ‍ॅप प्रत्येक यंत्राला विशेषण आणि फळ जोडून इंग्रजी नाव देतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते बदला. आम्ही सरळ आपापली नावं मराठीत टाकली, त्यामुळे काकांचे फोटो ताईंच्या लॅपटॉपवर जायचा प्रश्न उरला नाही.

आता वायफाय आणायचं कुठून? एका अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा, त्याच फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवायचा, आणि बाकीचे फोन व लॅपटॉप त्याला जोडायचे. आमच्या फोनवर डेटा बंद असतानाही हॉटस्पॉट चालू राहतो. डेटा बंद ठेवायचं कारण असं की फाइलींची ही देवाणघेवाण आपसांतच होते, तिला डेटा लागत नाही. पण हॉटस्पॉट मिळाला म्हणून लॅपटॉप मागच्या मागे अपडेट उतरवायला घेतो आणि ज्याचा फोन त्याचा दिवसाचा कोटा संपतो. डेटा चालूच ठेवायचा असेल तर विंडोजमध्ये त्या नेटवर्कला मीटर्ड (म्हणजे डेटा जपून वापरायचं) करून ठेवा.

वेगाचा सगळा खेळ हॉटस्पॉटच्या बँडवर, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यावर आहे. 2.4 गिगाहर्ट्झवर आम्हाला सेकंदाला साधारण 3 ते 5 एमबी मिळतात, 5 गिगाहर्ट्झवर तेच 20 ते 30 पर्यंत जातं. म्हणजे एकाचं जेवण होईपर्यंतचं काम ताट वाढेपर्यंत उरकतं. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. आयफोनचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' बंद ठेवा, ते चालू असलं की तो 2.4 वर उतरतो.

कधी कधी यंत्रं एकमेकांना दिसतच नाहीत. आम्ही एका ठिकाणी मुक्कामाला होतो, तिथलं वायफाय उत्तम चालत होतं, तरी लॅपटॉपच्या यादीत एकही फोन येईना. हॉटेल-होमस्टेच्या राउटरवर पाहुण्यांची यंत्रं एकमेकांपासून तोडून ठेवणारं एक सेटिंग असतं. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे, आपण आपला हॉटस्पॉट सुरू करायचा. दुसरं कारण विंडोजचं: नवीन नेटवर्क ते 'पब्लिक' धरतं आणि फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) आड येते. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, किंवा लोकलसेंडला परवानगी द्या. फायरवॉलमध्ये पोर्ट विचारला तर तो 53317.

लोकेशनबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण यात फोटो आला असं वाटतं आणि निम्मा ऐवज मागेच राहिलेला असतो. अँड्रॉइड 10 पासून कुठल्याही अ‍ॅपला फोटोतलं लोकेशन वाचायला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर फोन फोटो देतो, पण अक्षांश-रेखांश काढून. चित्र तसंच असतं, काही इशारा येत नाही. म्हणून गटात नवीन फोन आला की आम्ही आधी एकच फोटो पाठवतो, लॅपटॉपवर त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये जीपीएस दिसतंय का ते बघतो आणि मगच बाकीचे घेतो. दिसत नसेल तर अ‍ॅपच्या परवानग्या तपासायच्या आणि फोटो गॅलरीतून न निवडता फाइल किंवा फोल्डर म्हणून पाठवून बघायचं. आयफोनवर गॅलरीतून शेअर करताना वर 'ऑप्शन्स' असतं, तिथे लोकेशन चालू आहे ना याची खात्री करायची.

आयफोनचं आणखी एक. आयओएस 11 पासून त्यात फोटो एचईआयसी प्रकारात साठतात. फाइल लहान होते, दर्जाही चांगला राहतो, पण विंडोजवर उघडायला बऱ्याचदा जादा एक्स्टेंशन घालावं लागतं. आमच्याकडे हे फोटो पुढे वयस्क अभ्यासकांकडेही जातात, त्यांना हा व्याप कशाला? म्हणून आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवलं आहे, थेट जेपीईजी मिळतात. शिवाय फाइली जाईपर्यंत आयफोनचा स्क्रीन चालू ठेवा, अ‍ॅप मागे गेलं की आयओएस त्याला थोड्या वेळात थांबवतं. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही अँड्रॉइड फोनही हेच करतात.

फोटो घेताना प्रत्येकासाठी वेगळं फोल्डर हवंच. तारीख, गाव आणि काढणाऱ्याचं नाव एवढं त्यात पुरतं. दोन आयफोनवर आयएमजी 1204 नावाचे दोन वेगळे फोटो असू शकतात. लोकलसेंड जुन्या फाइलवर नवी लिहीत नाही, नावापुढे आकडा लावून वेगळी ठेवतं, पण नंतर कोणता कोणाचा हे शोधत बसण्यात रात्र जाते. घेण्याआधी कुठे साठवायचं ते बदलता येतं, ती सोय वापरा. आणि लॅपटॉपवर दिसणाऱ्या 'क्रिएटेड' तारखेवर जाऊ नका, ती कॉपी झाल्याची असू शकते. फोटो खरा कधीचा हे 'डेट टेकन'मध्ये दिसतं.

केबल मी सोडलेली नाही. दिवसभर व्हिडिओ काढले असतील तर केबलच बरी, फोनही चार्ज होतो. फक्त दोन गोष्टी तपासा. काही स्वस्त केबलींत वीज नेणाऱ्याच तारा असतात, त्यांनी फोन चार्ज होतो पण कॉम्प्युटरवर दिसत नाही. आणि टाइप-सी आहे म्हणजे वेगवान आहे असं नाही. मधल्या किमतीच्या कितीतरी फोनांत आत यूएसबी 2.0 च असतं, ज्याची कागदावरची मर्यादा सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 एमबी. अँड्रॉइड फोन केबलने जोडला की एमटीपी या पद्धतीने बोलतो. तो पेनड्राइव्हसारखा उघडत नाही, एका वेळी एकच काम करतो, म्हणून कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये हजारो फोटो असले की नुसती यादी यायलाच वेळ लागतो. यावर आम्ही काढलेला तोडगा साधा आहे: मोहिमेच्या दिवशी फोनमध्ये वेगळं फोल्डर करून त्या दिवशीचे फोटो तिथे हलवायचे आणि तेवढंच कॉपी करायचं. कट-पेस्ट कधीच नाही.

फोनमधून फोटो पुसायचा नियम गटात सगळे पाळतात. लॅपटॉपवर फाइलींची संख्या जुळली, एकूण आकार जुळला, मधलेअधले काही फोटो उघडून बघितले आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत गेली, की मगच पुसायचं. दगड पुन्हा तिथे असेलच असं नसतं. देवळाचा जीर्णोद्धार निघतो आणि वीरगळ पायरीत जातात, किंवा ऑइलपेंटने रंगवले जातात, आणि आधीचा फोटो हीच त्यांची उरलेली नोंद असते.

लोकलसेंडमध्ये मला दोन गोष्टी हव्या आहेत. मोठी फाइल अर्ध्यात तुटली तर ती पहिल्यापासून पाठवावी लागते, तिथूनच पुढे सुरू व्हायला हवी. आणि आधी घेतलेले फोटो वगळून फक्त नवे उचलायची सोय नाही, निवड हातानेच करावी लागते. रोज रात्री घरच्या फोनचा आपोआप बॅकअप एवढंच तुम्हाला हवं असेल तर हे अ‍ॅप त्यासाठी नाही, दुसरं बघा. आमच्यासारखं गट करून फिरणाऱ्यांनी मात्र निघायच्या आधी घरीच सगळ्या फोनांत ते घालून, परवानग्या देऊन, एकेक फोटो पाठवून बघा. तिथे गेल्यावर प्ले स्टोअर उघडायलाही रेंज नसते.