घाईची कॉपी की भरवशाची?

"आमच्या पानावरही तो उलटा मोजणारा टायमर लावूया का?"

छोटा व्यवसाय चालवणारी माणसं माझ्याकडे कॉपी, म्हणजे संकेतस्थळाच्या पानासाठी विक्रीचा मजकूर, लिहून घ्यायला येतात, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न हमखास निघतो. विचारताना आवाज थोडा खाली गेलेला असतो. स्पर्धकाच्या पानावर टायमर आहे, 'फक्त ३ शिल्लक' आहे, 'आत्ताच कुणीतरी खरेदी केली' असं सांगणारी चौकट कोपऱ्यात दर मिनिटाला उगवते आहे. आपलं पान त्यापुढे अगदीच गप्प वाटतं. सरळ वागून आपण मागे तर पडत नाही ना, अशी ती भीती असते आणि ती खरी असते.

म्हणून दोन पद्धती शेजारी-शेजारी ठेवून बघूया. एकीला मी घाईची कॉपी म्हणते: वाचकाला विचार करायला उसंत मिळू नये, अशी तिची रचना असते. दुसरी भरवशाची कॉपी: ठरवण्यासाठी जे कळायला हवं ते ती सांगते आणि मग 'घ्या' असं स्पष्ट म्हणते. दोघींचा सांगाडा एकच. लक्ष वेधा, रस निर्माण करा, इच्छा जागवा, कृती सांगा ही चार पायऱ्यांची मांडणी १९व्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. अमेरिकी जाहिरातकार एल्मो लुइस यांच्या नावाशी ती जोडली जाते. फरक पडतो तो इच्छा कशाच्या जोरावर जागवली यात.

आधी तिसरीला बाजूला करूया

प्रामाणिक मालकांच्या पानावर बहुतेक वेळा या दोन्ही सापडत नाहीत. तिथे असते मुळमुळीत कॉपी. 'उत्कृष्ट सेवा, वाजवी दर, ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय.' हे वाक्य कुठल्याही धंद्याच्या पानावर चिकटवता येतं, म्हणून ते कुठल्याच धंद्याबद्दल काही सांगत नाही. मग विक्री होत नाही, आणि मालकाची समजूत होते की खरेपणा विकला जात नाही. खरेपणाची परीक्षा झालेलीच नसते.

लहान व्यवसायांचे हिशेब सांभाळणारी एखादी सेवा घ्या. तिच्या पानाची सुरुवात तीन तऱ्हांनी लिहून बघते.

घाईची: 'तुमचा हिशेब चुकतोय! दंड बसण्याआधी आजच नाव नोंदवा. फक्त ५ जागा!'

मुळमुळीत: 'हिशेबाच्या सर्व गरजांसाठी एकमेव विश्वासाचं नाव.'

भरवशाची: 'मागच्या महिन्याचा हिशेब दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तुमच्या हातात. तुम्ही फक्त पावत्यांचे फोटो पाठवायचे. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालत असेल तर आधी बोलूया; ते काम आम्ही दर वेळी घेत नाही.'

तिसऱ्या नमुन्यात तारीख आहे, ग्राहकाच्या वाट्याचं काम आहे आणि एक नकारही आहे. तो नकार वाचून काही लोक परत जातील. जाऊ द्यावं. ते आत आले असते तर तीन महिन्यांनी वैतागून गेले असते, आणि मधल्या काळात मालकाचाही जीव खाल्ला असता. 'हे कुणासाठी नाही' ही ओळ लिहिताना मालकांचा हात सगळ्यात जास्त अडखळतो, पण माझ्या अनुभवात पानावरच्या बाकी दाव्यांवर विश्वास बसतो तो या ओळीमुळे.

घाई चालते, हे मान्य करूनच पुढे जाऊ

घाईच्या कॉपीला 'ती चालतच नाही' म्हणून मोडीत काढणारे लेख मला पटत नाहीत. ती चालते. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलं की मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचं दुःख माणसाला जास्त जाणवतं. १९७५मध्ये स्टीफन वोर्शेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात काहींना दहा बिस्किटांची बरणी दिली, काहींना दोनच बिस्किटांची. बिस्किटं तीच, तरी दोनच्या बरणीतली लोकांना जास्त हवीशी वाटली. 'संपत आलंय' हा शब्द आपल्या डोक्यात इतका खोल जातो.

पण टंचाई खरी असेल तर ती माहितीच आहे. शिकवणारी व्यक्ती एकच असेल आणि तिला एका तुकडीत बाराजणांच्या वह्या नीट तपासता येत असतील, तर 'या तुकडीत १२ जागा, ४ उरल्या' हे न सांगणंच वाचकावर अन्याय करणारं आहे. कुठल्याही टायमरला मी एकच प्रश्न विचारते: शून्यावर गेल्यावर काय होतं? किंमत खरोखर बदलत असेल किंवा नोंदणी बंद होत असेल, तर टायमर ठेवा आणि शेजारी कारण लिहा. पान पुन्हा उघडल्यावर तो नव्याने सुरू होत असेल, तर ते खोटं आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये खरेदीची सुमारे ११,००० संकेतस्थळं तपासली. ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा ढकलणाऱ्या रचनांना 'डार्क पॅटर्न' हे नाव २०१०मध्ये हॅरी ब्रिग्नल यांनी दिलं. अशा १,८१८ रचना या संशोधकांना सापडल्या. काही टायमर संपल्यावरही सवलत तशीच राहत होती. 'इतके लोक आत्ता बघताहेत' हे आकडे काही ठिकाणी कोडमधून यादृच्छिकपणे तयार होत होते. छोट्या मालकासाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो याच अभ्यासातला आणखी एक तपशील: असल्या रचना तयार सुविधा म्हणून पुरवणाऱ्या २२ कंपन्या त्यांना आढळल्या. म्हणजे तुम्ही स्वतः खोटं बोलायचं ठरवलेलं नसतं. 'विक्री वाढवणारं' म्हणून एक प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला जोडायची तयार सुविधा, बसवता, आणि त्याची मूळ सेटिंग तुमच्या नावाने खोटं बोलू लागते. तुमच्या पानावर असं काही असेल तर ते आज उघडून बघाच.

अभिप्राय

इथे मला तुलना अगदीच एकतर्फी वाटते. घाईची कॉपी पंचवीस चमकदार अभिप्राय मागते, आणि ते नसतात तेव्हा भाऊ, वहिनी, जुने सहकारी यांच्याकडून लिहून घेतले जातात. पण एवढ्यांची गरजच नसते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने २०१७च्या अहवालात दाखवलं की पाच अभिप्राय असलेली वस्तू विकत घेतली जाण्याची शक्यता एकही अभिप्राय नसलेल्या वस्तूपेक्षा २७० टक्के जास्त असते. मोठा फरक पडतो तो पहिल्या थोड्या अभिप्रायांनीच. त्याच अहवालानुसार खरेदीची शक्यता सर्वाधिक असते ती सरासरी ४.० ते ४.७ ताऱ्यांच्या दरम्यान. पूर्ण ५ जवळ आले की ती उलट घटते.

पाच खऱ्या ग्राहकांना फोन करणं नव्या धंद्यालाही जमतं. त्यांना 'चार चांगले शब्द लिहा' असं सांगू नका. विचारा: घेण्याआधी कशाची शंका होती? घेतल्यावर पहिल्यांदा काय बदललं? काय आवडलं नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही परवानगी घेऊन छापा. 'पहिला आठवडा गोंधळले, मदतीच्या सूचना सापडल्या नाहीत, पण फोनवर लगेच समजावलं' हे एक वाक्य 'अप्रतिम! सर्वोत्तम!' अशा दहा ओळींना भारी पडतं.

कायद्याचाही धाक आता वाढला आहे. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा, यंत्राकडून लिहून घेतलेल्यांनाही लागू होणारा नियम ऑक्टोबर २०२४पासून अमलात आहे. भारतात नोव्हेंबर २०२३मध्ये खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं अशा १३ डार्क पॅटर्नना मनाई झाली. युरोपीय संघात मे २०२२पासून सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. खोडून दाखवलेल्या 'मूळ' किमतीबाबत हा नियम कुठेही स्वतःला लावून घेण्यासारखा आहे: त्या किमतीला तुम्ही कधी खरोखर विकलंत का?

ईमेल यादी

विकत घेतलेली यादी की हळूहळू जमवलेली? यावर मी फार वेळ घालवणार नाही. विकत घेऊ नका. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्यांकडून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवण्याची अपेक्षा करतात. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारी झाल्या तरी तुम्ही रेषेवर आलात, आणि मग ज्यांना तुमची पत्रं हवी आहेत त्यांच्याकडेही ती पोचेनाशी होतात. ओळख नसलेल्या हजारजणांत तीन वैतागलेले सापडायला कितीसा वेळ लागतो!

मथळ्यात जुना संवाद चालू असल्याचं भासवणारं 'उत्तर:' घालणं, 'नको, मला प्रगती करायची नाही' असं लिहिलेलं नकाराचं बटण, अनसबस्क्राइबची फिक्कट, बारीक लिंक हे सगळं मी कधीच लिहून देत नाही. जायचं असलेल्या माणसाला दार सापडलं नाही, तर तो स्पॅमचं बटण दाबतो. मथळा किती आकर्षक होता हे उघडलेल्या पत्रांच्या टक्केवारीवरून ठरवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की २०२१मध्ये ॲपलने मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणल्यापासून तो आकडा फुगलेला असतो. कुणी उत्तर दिलं, कुणी लिंक उघडली, कुणी घेतलं हे मोजा.

मग आकडे काय सांगतात?

'दोन्ही लावून बघू, जास्त विकेल ते ठेवू' हा सल्ला तुम्हाला मिळेलच. छोट्या व्यवसायासाठी तो बहुधा निरुपयोगी आहे, आणि त्यामागचं गणित साधं आहे. समजा शंभरातले २ जण घेतात आणि नव्या कॉपीने ते २.६ झाले. हा फरक योगायोगाचा नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला प्रत्येक बाजूला सुमारे १०,००० भेटी लागतात. महिन्याला ३०० लोक पान बघत असतील तर हा प्रयोग साडेपाच वर्षं चालेल. त्याआधी दिसणारी बहुतेक चढउतार नुसता गोंगाट असतो, आणि त्या गोंगाटावर टायमरची कीर्ती उभी राहते.

शिवाय असा प्रयोग मोजतो ती पहिली खरेदी. सुरुवातीच्या वर्षांत मीही एका व्यवसायासाठी अशीच घाईची मालिका लिहिली होती: तीन दिवस, सात पत्रं, शेवटची मध्यरात्री. नोंदणी जोरात झाली. पुढच्या महिन्यात पैसे परत मागणाऱ्यांना उत्तरं देण्यात मालकीणबाईंचे दिवस गेले, आणि पुढच्या तुकडीला त्यांच्यापैकी जेमतेम कुणी परत आलं. पत्रं मी लिहिली होती. ते महिने आठवले की अजूनही जड वाटतं. तेव्हापासून मी विक्रीनंतरच्या नव्वद दिवसांचा हिशेब मागते: किती परतावे, किती तक्रारी, किती दुसऱ्या खरेद्या, आणि 'कुणाकडून कळलं?' याला किती नव्या ग्राहकांनी जुन्या ग्राहकाचं नाव सांगितलं.

तुमच्यासाठी कोणती?

तुमचा धंदा परत येणाऱ्या ग्राहकांवर किंवा त्यांनी इतरांना केलेल्या शिफारशीवर चालत असेल, तर भरवशाची. शिकवणी, सल्ला, दुरुस्ती, देखभाल, हस्तकला हे जवळजवळ सगळे यात आले. आयुष्यात एकदाच घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या धंद्यात घाईच्या कॉपीची झळ मालकाला उशिरा लागते, हे खरं. माझं मत तिथेही बदलत नाही, कारण झळ ग्राहकाला तर लगेच लागते.

पण भरवशाच्या कॉपीची किंमत आधी ओळखून घ्या. ती हळू चालते. पहिले काही महिने पान रिकामं-रिकामं वाटतं. तिला कच्चा माल लागतो: ग्राहकांच्या तोंडचे शब्द, नेमके आकडे, तुम्ही काय करत नाही याची यादी. आणि वस्तूतच खोट असेल तर ती झाकून देत नाही. लिहिताना सांगण्यासारखं काही सापडेना, तर लेखन थांबवून आधी वस्तू किंवा सेवा सुधारावी लागते. माझ्याकडे आलेली दोन-तीन कामं अशीच थांबली आहेत.

लिहायचं कुणी, हा प्रश्न त्यानंतरचा. स्वतः लिहा, लेखक नेमा किंवा एआयकडून मसुदा घ्या. कच्चा माल नसेल तर तिन्हीकडून मुळमुळीतच निघेल. एआयच्या मसुद्यातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अभिप्राय मात्र तुमच्या नोंदींशी ताडून बघा, कारण रिकामी जागा तो काल्पनिक ग्राहकांनी भरू शकतो.

सध्या तुमच्या पानावर टायमर असेलच, तर सगळं पान मोडायची गरज नाही. टायमर काढा. त्या जागी तारीख लिहा आणि एका ओळीत कारण: 'नोंदणी ३० तारखेला बंद होते, कारण १ तारखेपासून वर्ग सुरू होतात आणि मधे कुणाला घेतलं तर मागचे धडे पुन्हा घ्यावे लागतात.' ३१ तारखेला कुणी विनवणीचा निरोप पाठवला, तर त्याला पुढच्या तुकडीची तारीख कळवा.