पार-क्यू प्लस : व्यायामाआधी भरायच्या प्रश्नावलीचे परीक्षण

'पार-क्यू प्लस' ही प्रश्नावली चार पानांची असली, तरी निरोगी माणसाचे काम पहिल्याच पानावर आटोपते. तेथील सातही प्रश्नांना 'नाही' असे उत्तर आले, की सही करून व्यायामाला लागता येते. एकही 'हो' आले, तर पुढील पानांवर त्या त्या आजाराविषयी सविस्तर विचारणा होते. कॅनडात १९७० च्या दशकात तयार झालेल्या मूळ प्रश्नावलीत एका 'हो'वरच माणसाला डॉक्टरांकडे पाठवले जाई, त्यामुळे ज्यांना चालण्या-फिरण्याची सर्वांत जास्त गरज होती तेच लोक दारातून परत फिरत. २०११ मध्ये आलेल्या या सुधारित आवृत्तीने ती अडचण बऱ्याच अंशी दूर केली, आणि माझ्या मते तिचे खरे श्रेय हेच आहे.

प्रश्नांची भाषा सोपी आहे, पण ते ठरवताना बारकाईने विचार झालेला दिसतो. चक्कर येऊन तोल गेला का, किंवा गेल्या बारा महिन्यांत शुद्ध हरपली का, असे विचारतानाच, जोरकस व्यायामात श्वास फार वेगाने घेतल्यामुळे आलेली चक्कर मोजू नये, असे लगेच स्पष्ट केले आहे. हाडे, सांधे व स्नायूंच्या प्रश्नातही जुन्या दुखण्याचा आज त्रास होत नसेल तर 'नाही' लिहावे, अशी सूचना आहे. अशा खुलाशांमुळे विनाकारण 'हो' लिहिणाऱ्यांची संख्या कमी होते. छातीतील वेदनेबद्दल मात्र अशी कोणतीही सवलत नाही: ती विश्रांतीत होवो, रोजच्या कामात होवो वा व्यायाम करताना, उत्तर 'हो'च लिहायचे आहे, आणि ते योग्यच आहे.

दीर्घकालीन आजारासाठी चालू असलेल्या औषधांचा प्रश्न वरवर साधा वाटतो, परंतु प्रशिक्षकासाठी तो सर्वांत मोलाचा आहे. बीटा ब्लॉकर गटातील, म्हणजे रक्तदाब वा हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या व हृदयाची गती मंदावणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्याच्या नाडीचा वेग श्रम वाढले तरी पुरेसा वाढत नाही, म्हणून नाडीवरून व्यायामाची तीव्रता ठरवल्यास अंदाज चुकतो. तेथे 'किती दम लागतो आहे' हेच विचारावे लागते. अर्थात, हे समजण्यासाठी भरलेला कागद कोणीतरी वाचायला हवा. प्रवेश अर्जाच्या गठ्ठ्यात हा कागद घालून 'येथे सही करा' एवढेच सांगण्याची जी पद्धत अनेक व्यायामशाळांत रुळली आहे, तिने तपासणी ही निव्वळ औपचारिकता उरते. हा दोष प्रश्नावलीचा नव्हे, तरीही ती विकत न घेता सहज मिळत असल्यामुळेच बहुधा तिची किंमत कोणी करत नाही.

प्रश्नावलीची स्वतःची उणीव वेगळी आणि अधिक गंभीर आहे. तिला फक्त तेवढेच कळते, जेवढे भरणाऱ्याला आधी ठाऊक असते. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो, आणि ज्याने तो कधी मोजलाच नाही तो प्रामाणिकपणे 'नाही' लिहितो. पुढील पानांवर १६०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाबाविषयी नेमका प्रश्न आहे, पण तेथपर्यंत पोहोचतो तो ज्याला आपला आजार माहीत आहे असाच माणूस. म्हणून पहिले पान भरण्यापूर्वी दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजून घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन. त्याला काही मिनिटेच लागतात. सरसकट सर्वांनी ताण चाचणी (श्रम करताना हृदयाचा आलेख काढण्याची तपासणी) करावी, हे मत मात्र मला पटत नाही, कारण लक्षणे नसलेल्या, कमी धोक्याच्या व्यक्तींमध्ये तिचे निष्कर्ष बऱ्याचदा फसवे निघतात आणि नाहक भीतीबरोबर पुढच्या चाचण्यांची रांग लागते.

आणखी दोन तपशील घाईत नजरेतून सुटतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि जोरकस व्यायामाची सवय नसलेल्यांनी, सर्व उत्तरे 'नाही' असली तरी, तसा व्यायाम करण्यापूर्वी पात्र तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असे त्यात नमूद आहे. शिवाय ही मंजुरी जास्तीत जास्त बारा महिनेच चालते. दरम्यान प्रकृतीत बदल झाल्यास ती तत्काळ रद्द समजून प्रश्नावली नव्याने भरावी लागते, आणि साधी सर्दी वा ताप असल्यास बरे होईपर्यंत थांबावे लागते.