‘शुद्ध पितळी’ भिंतदिवे: उघडल्यावर आत काय निघालं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नव्या घराची वास्तुशांती तोंडावर आली होती. बैठकीत दोन आणि छपरीत दोन, असे जुन्या वाड्यांच्या धाटणीचे चार भिंतदिवे हवे होते. मोबाईलवरच्या जाहिरातीत ‘शुद्ध पितळ, मुरादाबादी काम’ असं लिहिलेलं. अर्धे पैसे आधी, उरलेले पार्सल हाती आल्यावर. पावती मागितली तर ‘माल पोचला की पाठवतो, भाऊ’. माल पोचला, पैसे गेले, पावती आलीच नाही आणि नंतर फोनही लागेना. ते दिवे उघडल्यावर जे निघालं ते इथं लिहीत आहोत, कारण असाच माल आता तालुक्याच्या दुकानांतही दिसतो.

पाठच्या प्लेटला चुंबक खटकन चिकटला. म्हणजे लोखंडी पत्रा आणि वर पितळी मुलामा. दिव्याच्या दांड्याला चिकटला नाही, पण तेवढ्यानं दांडा पितळी ठरत नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला आणि अल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. काही विक्रेते गिऱ्हाइकासमोर स्वतःच चुंबक लावून दाखवतात, ते याच भरवशावर. खरी परीक्षा कानशीची. भिंतीकडे जाणाऱ्या, न दिसणाऱ्या कडेवर बारीक कानस दोनदा ओढा. पितळ आतही पिवळंच असतं. इथं राखाडी निघालं. पितळ अल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, पण नुसत्या वजनावरही जाऊ नका, कारण बुडाच्या पोकळीत लोखंडी चकती घालून वजन वाढवलेलं असतं. या दिव्यांतही ती होती. शंका राहिली तर कासाराला दाखवा. भंडाऱ्याकडे जाणं होत असेल तर फारच चांगलं, पितळेची पारख असलेली माणसं तिथं आजही आहेत.

इथपर्यंत नुकसान फक्त पैशाचं. आतली वायरिंग मात्र जिवावर बेतणारी होती. अंग सगळं धातूचं, आणि अर्थिंग जोडायला स्क्रूच नाही. वायर केसासारखी बारीक, तिच्यावर ना आयएसआय खूण, ना जाडीचा आकडा. होल्डर साध्या प्लास्टिकचा आणि त्यात ४० वॅटचा शोभेचा तारेचा बल्ब. असा बल्ब बंद काचेत तापतो, होल्डर ठिसूळ होतो, वायरचं आवरण तडकतं आणि तांबं दिव्याच्या अंगाला टेकतं. अर्थिंग असेल तर तिथेच एमसीबी पडतो किंवा फ्यूज उडतो. नसेल तर दिवा तसाच जळत राहतो आणि हात लावणाऱ्याला करंट बसतो. पावसाळ्यात छपरीची भिंत ओली असते तेव्हा तर विचारूच नका. शिवाय दोन दिव्यांत फेज होल्डरच्या आट्यांच्या कवचाला जोडलेला होता. तो होल्डरच्या मधल्या टोकाला हवा आणि न्यूट्रल कवचाला. उलटं असेल तर बल्ब बदलताना बोट थेट फेजला लागतं.

म्हणून पैसे देण्याआधी पाठची प्लेट उघडून मागा. हिरव्या किंवा हिरव्या-पिवळ्या वायरीचा अर्थिंग स्क्रू दिसला पाहिजे, होल्डर चिनीमातीचा हवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, दिवे नंतर घेता येतील. बल्ब ४ वॅटचा फिलामेंट एलईडी पुरतो; २२०० ते २७०० केल्विनचा घेतला की कंदिलासारखा पिवळसर उजेड मिळतो. त्यावरचा आर-क्रमांक, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) नोंदणी क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहा. कृषिपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज उतरतं, म्हणून फक्त २३० व्होल्ट छापलेल्यापेक्षा कमी-जास्त व्होल्टेजवर चालणारा बल्ब घ्या. हे दिवे बहुतेक ई-२७ आट्यांचे असतात आणि गावच्या दुकानात पिनवाला बी-२२ मिळतो, तेव्हा जादा बल्ब सोबतच आणा. छपरीसाठी दिवा निदान आयपी-४४ हवा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा. मातीच्या भिंतीत स्क्रूची प्लास्टिकची गिट्टी धरत नाही. तिथं सिमेंटमध्ये लाकडी गुटका बसवून त्यावर स्क्रू मारा.

पार्सल घेताना लेबलपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा. कानस त्यानंतरच लावा, नाहीतर ‘माल तुम्हीच खराब केला’ असं उत्तर येतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि खोक्यावरचा पत्ता जपून ठेवा. विक्रेता गायब झाला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. माल खोटा निघाला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथं निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तक्रारीत ‘फसवलं’ एवढंच लिहून भागत नाही. ‘जाहिरातीत शुद्ध पितळ, प्रत्यक्षात लोखंडी प्लेट व आतून राखाडी दांडा, अर्थिंगची सोय नाही’ असं मुद्देसूद लिहा आणि कानस मारलेल्या कडेचा जवळून काढलेला फोटो जोडा.