अनेक सर्व्हर, एकच अपलोड फोल्डर: एनएफएस, क्लस्टर की ऑब्जेक्ट स्टोरेज?

वर्डप्रेसचे संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दोन-तीन सर्व्हरवर नेले आणि पुढे विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर बसवला, की पहिली अडचण अपलोड केलेल्या फायलींची येते. संपादकाने चढवलेले छायाचित्र एका सर्व्हरच्या डिस्कवर जाते आणि ज्या वाचकाची विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे वळते, त्याला छायाचित्राच्या जागी मोकळी चौकट दिसते. सामायिक करायचा आहे तो एवढा अपलोड फोल्डर. थीम, प्लगइन आणि पीएचपीचा कोड प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरच असावा, असे माझे ठाम मत आहे. एक पान तयार होताना शेकडो फायली उघडल्या जातात आणि त्या प्रत्येकीसाठी नेटवर्कवर हेलपाटा पडू लागला, तर पान रेंगाळते.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली एनएफएस, म्हणजे एका यंत्रावरचा फोल्डर नेटवर्कवरून इतरांना वापरू देणारी व्यवस्था, ही आजही सर्वांत सोपी वाट आहे, कारण फोल्डर माउंट केल्यावर, म्हणजे स्वतःच्या डिस्कसारखा जोडून घेतल्यावर, वर्डप्रेसमध्ये काहीही बदलावे लागत नाही. मात्र नेहमीच्या मांडणीत फायलीवरचा हक्क वापरकर्त्याच्या नावावरून नव्हे, तर क्रमांकावरून ठरतो. डेबियन आणि उबुंटूवर वेब सर्व्हरच्या खात्याचा क्रमांक ३३ असतो, रेड हॅटच्या घराण्यात तो ४८ असतो. दोन्ही प्रकारची यंत्रे एकत्र नांदत असतील, तर एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. शिवाय फोल्डर जोडून घेणारे लिनक्स यंत्र, म्हणजे क्लायंट, फायलीची माहिती ३ ते ६० सेकंद स्वतःजवळ जपून ठेवतो, त्यामुळे त्याच नावाने बदललेले छायाचित्र शेजारच्या सर्व्हरवर काही काळ जुनेच दिसू शकते. खरा धोका मात्र एनएफएस सर्व्हर बंद पडण्याचा आहे. हार्ड माउंट, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत थांबणारी जोडणी असेल, तर त्या फोल्डरला हात लावणारी प्रत्येक पीएचपी प्रक्रिया वाट पाहत राहते आणि बघता बघता सगळे वेब सर्व्हर एकदम अडकतात. ठरावीक वेळानंतर प्रयत्न सोडणारे सॉफ्ट माउंट केल्यास अडकणे टळते, पण अर्धवट लिहिलेल्या फायली पदरी पडू शकतात.

हा एकखांबी तंबू नको, म्हणून फायली अनेक यंत्रांवर मिळून ठेवणाऱ्या क्लस्टर फाइल सिस्टिमचा विचार होतो. त्यांपैकी ग्लस्टरएफएसवर उभ्या असलेल्या रेड हॅटच्या उत्पादनाचा आधार २०२४ च्या अखेरीस संपला, त्यामुळे नव्या कामासाठी मी ती सुचवणार नाही. त्यांतलीच सेफएफएस भक्कम आहे, परंतु तिच्यासाठी सहसा क्लस्टरची स्थिती सांभाळणारे तीन मॉनिटर आणि फायलींच्या नोंदी ठेवणारा वेगळा मेटाडेटा सर्व्हर सांभाळावा लागतो. केवळ छायाचित्रांसाठी एवढा संसार मांडणे परवडणारे नाही. आरसिंक या फायली जुळवणाऱ्या साधनाने प्रती करत राहण्याचा उपाय अपलोड एकाच सर्व्हरवर होत असेल, तरच चालतो. दोन्ही बाजूंनी प्रती होऊ लागल्या की पुसलेल्या फायली परत येतात.

अ‍ॅमेझॉन एस३ सारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजचा, म्हणजे प्रत्येक फाइल तिच्या नावाने इंटरनेटवरून ठेवू-घेऊ देणाऱ्या साठवणीचा, पाया वेगळा आहे. तेथे खरे फोल्डर नसतात आणि नाव बदलणे म्हणजे नवी प्रत करून जुनी पुसणे. म्हणून बकेट, म्हणजे तेथील साठवणीची पेटी, डिस्कसारखी माउंट करण्याच्या भानगडीत पडू नये, अपलोड प्लगइनमार्फतच पाठवावेत. नुकतीच बदललेली फाइल वाचताना जुनी प्रत मिळण्याची एस३ वरील शक्यता डिसेंबर २०२० पासून उरलेली नाही. छायाचित्रे थेट बकेटमधून किंवा सीडीएनमधून, म्हणजे वाचकाजवळ प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यातून, जातात, हा मोठा लाभ आहे, कारण वेब सर्व्हरवरचा तेवढा भार हलका होतो. उलट, फाइल स्थानिक डिस्कवरच आहे असे गृहीत धरणारी प्लगइन येथे अडखळतात, आणि जुन्या संकेतस्थळावर अशी प्लगइन हमखास निघतात.

दोन-तीन सर्व्हर एकाच नेटवर्कमध्ये असतील आणि संकेतस्थळ जुने असेल, तर नियमित बॅकअपसह एनएफएस घ्यावी. संकेतस्थळ नवे असेल किंवा सर्व्हरची संख्या गर्दीनुसार कमी-जास्त होणार असेल, तर ऑब्जेक्ट स्टोरेज घ्यावे. वर्डप्रेस लेखाच्या मजकुरात छायाचित्राचा पूर्ण पत्ता साठवते, म्हणून आज एनएफएस निवडली तरी छायाचित्रांसाठी वेगळे सबडोमेन सुरुवातीपासूनच ठेवावे. पुढे फायली त्याच मार्गनावांनी बकेटमध्ये हलवल्या, तर डेटाबेसला हात न लावता ते सबडोमेन नव्या जागी वळवता येते.