दोन दिवसांत गेलेली खाज

गेल्या पावसाळ्यात माझ्या जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण झाले. डोंबिवलीहून लोकलने उभ्याने प्रवास आणि दिवसभर अंगावर ओलसर कपडे. त्यामुळे ते चटकन हटणार नाही, असे त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत बजावले होते. चट्ट्याच्या कडेची त्वचा खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीची खात्री करून त्यांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आणि मलम दिले. तीन आठवडे झाले तरी खाज पुरती जाईना, तेव्हा एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी स्वतःला वैद्य म्हणवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र नव्हते. हे माझ्या लक्षात आले नाही असे नाही, विचारण्याचा संकोच वाटला.

"डॉक्टरांचे औषध बंद करू नका, आमचे सोबत घ्या," असे ते म्हणाले आणि तिथेच माझा विश्वास बसला. मलमात टाकळ्याचे बी आणि करंजाचे तेल असल्याचे त्यांनी सांगितले. टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे नाव आहे आणि आमच्याकडे पावसाळ्यात त्याची भाजीही होते. त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. लेबल नसलेली पांढरी डबी आणि 'इंग्रजी औषधाची उष्णता मारण्यासाठी' राखाडी पुड्या, यांचे 1,800 रुपये मी रोख मोजले.

दोन दिवसांत खाज थांबली. खरे तर याच वेळी सावध व्हायला हवे होते, पण मी डबी संपताच दुसरी आणली आणि डॉक्टरांना काहीच सांगितले नाही. सहाव्या आठवड्यात दोन दिवस मलम लावायचे राहून गेले, तर चट्टे मांडीपर्यंत पसरले. त्यांची ठसठशीत गोल कड नाहीशी झाली होती आणि जांघेत गरोदरपणात पोटावर येतात तशा जांभळट रेघा उमटल्या होत्या.

रेघा पाहताच बाईंनी विचारले, "आणखी काय लावता?" मी डबी पुढे केली. त्यांच्या सल्ल्याने खासगी प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा मलमात क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड निघाले. त्याने दाह दबतो, म्हणून खाज थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबल्याने बुरशीला मोकळे रान मिळते. पुड्यांची तपासणी मी केली नाही. मात्र इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल शोषल्या जाण्यासाठी पोटात आम्ल लागते आणि शंखभस्मासारखे आम्ल शमवणारे औषध सोबत घेतल्यास त्यांचा परिणाम घटतो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. म्हणजे आयुर्वेदाचे खरे औषध घेतानाही डॉक्टरांना सांगणे भागच होते.

स्टेरॉइड थांबवल्यावर काही आठवडे लाली आणि आग इतकी वाढली की पुन्हा तीच डबी उघडण्याचा मोह होत असे. घरच्यांचीही तपासणी झाली, पत्नीलाही लागण निघाली आणि दोघांचे उपचार चट्टे गेल्यानंतरही चालू राहिले. रेघा फिकट झाल्या, गेल्या नाहीत.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला बसलो, तेव्हा उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक यांपैकी काहीच मला लिहिता येईना, कारण डबी कोरी होती आणि पावती मी मागितलीच नव्हती.